चौकटीतली अक्षरे : देऊन टाकलेल्या एका फॉन्टची गोष्ट

मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? ठीक.

मागच्या व्याख्यानात आपण शिशाच्या खिळ्यांपाशी आणि जुळाऱ्यांपाशी थांबलो होतो. आज तिथून संगणकाच्या पडद्यावर यायचे आहे, आणि तेही एकाच फॉन्टसाठी. विषय वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोनवर विचारले, "तत्त्वज्ञानाचा माणूस फॉन्टवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटाकडे येईल, कारण त्यात आमच्या स्वतःच्या अकरा फायलींचा संबंध आहे. आधी इतिहास.

प्राथमिक शाळेतली चौकटीची वही आठवा. एका चौकटीत एक आकडा. एकम्‌खाली एकम्, दशम्‌खाली दशम्. आकडा बारीक असो की पसरट, चौकट सगळ्यांना सारखी. आणि बेरीज कधी चुकायची? हातचा विसरला की, नाहीतर एखादा आकडा आपली चौकट सोडून शेजारच्या घरात सरकला की. आज आपण ज्याला मोनोस्पेस फॉन्ट म्हणतो, म्हणजे ज्यातले प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेते, तो फॉन्ट म्हणजे ही चौकटीची वही. पुस्तकातल्या छापील इंग्रजी मजकुरात आय हे अक्षर अंग चोरून उभे राहते आणि एम ऐसपैस बसते. समान रुंदीच्या फॉन्टमध्ये मात्र आयला पाय फाकून जागा भरावी लागते आणि एमला पोट आत घ्यावे लागते.

ही सक्ती कुणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. ती टाइपरायटरच्या दात्यांतून आली. कळ दाबली की कॅरेज एक घर सरकणार, मग कळ कोणतीही असो. आमच्या पिढीतले कित्येक जण शासनाच्या परीक्षेसाठी टायपिंगच्या क्लासला गेले, मराठी तीस, इंग्रजी चाळीस. त्यांना आठवत असेल, इंग्रजी यंत्रे दोन मापांची असत. पायका यंत्रावर एका इंचात दहा अक्षरे, एलिटवर बारा. आयबीएमच्या टाइपरायटरसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात कुरिअर हा टाइप काढला, तो या पायका मापाचा. आयबीएमने त्यावर कायदेशीर मक्तेदारी सांगितली नाही, म्हणून इतर यंत्रांवरही तो फिरला आणि साऱ्या जगाच्या कचेऱ्यांचे हस्ताक्षर बनून गेला. म्हणजे ही देण्याची सवय आपल्या आजच्या गोष्टीत पहिल्या प्रकरणापासूनच आहे. मोठ्या मनाने की दुर्लक्षाने, तो वाद वेगळा.

टाइपरायटर गेला, पण चौकट गेली नाही. छिद्रांच्या कार्डात ऐंशी उभे रकाने होते. आयबीएमने ते कार्ड १९२८ साली आणले. पुढे फोरट्रान ही भाषा याच कार्डांवर लिहायची झाली, तेव्हा नियम असा की पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकाला, सहावा रकाना मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण करायला, आणि खरी आज्ञा सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. एक घर चुकले की आज्ञेचा अर्थ बदलला. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्याच्या एकरंगी पडद्यावरही ओळीत ऐंशीच अक्षरे, अशा पंचवीस ओळी. प्रत्येक अक्षराला नऊ ठिपके रुंद आणि चौदा ठिपके उंच अशी खोली. ती यंत्रे अडगळीत गेली तरी आज्ञावली लिहिणाऱ्यांनी चौकट सोडली नाही. कारण ती त्यांच्या कामाची होती. डावीकडून किती जागा सोडली यावर पायथॉनसारख्या भाषेत अर्थ ठरतो. रकाने जुळले की चूक डोळ्याला दिसते. आणि शून्य व ओ, एक व एल, यांच्यात घोळ झाला की रात्र जाते. म्हणून या फॉन्टांत शून्याच्या पोटात खूण करतात, एलला शेपटी काढतात. पुस्तकात हे कुरूप दिसेल. इथे ते हवे असते.

आता एक आकडा सांगतो, तो लक्षात ठेवा, कारण आम्हाला स्वतःला त्याची फार मौज वाटली. संगणकातल्या कुरिअरमध्ये अक्षराच्या उंचीचे एक हजार भाग कल्पिले, तर प्रत्येक अक्षराला सहाशे भाग रुंदी मिळते. म्हणजे बारा पॉइंटाचे अक्षर ७.२ पॉइंट रुंद. एका इंचात बहात्तर पॉइंट. भागाकार करा. इंचाला बरोबर दहा अक्षरे. टाइपरायटरचा दाता पोलादातून निघून आकड्यात शिरला. आणि ज्या फॉन्टची गोष्ट आज सांगायची आहे, त्यात उंचीचे २०४८ भाग आहेत आणि प्रत्येक अक्षराची रुंदी आहे १२३३. पुन्हा तेच, उंचीच्या सहादशांश. ज्यांनी उभ्या आयुष्यात टाइपरायटर पाहिला नाही, ती मुलेही त्याच दात्यावर लिहीत आहेत.

त्या फॉन्टचे नाव बिटस्ट्रीम व्हेरा सान्स मोनो. बिटस्ट्रीम ही अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची कंपनी. मॅथ्यू कार्टर आणि माइक पार्कर ही अक्षरांच्या जगातली मोठी नावे, त्यांनी ती १९८१ साली काढली. शिसे न वितळवता फक्त संगणकासाठी अक्षरे करून विकणारी पहिली कंपनी म्हणून तिचे नाव घेतात. व्हेराची अक्षरे रेखली जिम लाइल्स यांनी. त्यांचाच प्राइमा नावाचा आधीचा टाइप होता, त्यातून हे कुटुंब वाढले.

इथे जरा थांबून, अक्षर रेखणे म्हणजे नेमके काय ते बघू. कारण 'फॉन्ट काय, फुकट मिळतो' असे आपण सहज म्हणतो. संगणक अक्षराची बाह्यरेषा बिंदू आणि वक्र यांच्या रूपात साठवतो. कागदावर ती झकास उमटते, कारण छपाईचे ठिपके अतिबारीक असतात. पण २००३ सालचा पडदा आठवा. लिहिताना वापरतो त्या लहान आकारात एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम सहा-सात ठिपक्यांची रुंदी येते. एमचे तीन पाय त्यात बसवायचे. गणिताने रेषा काढली तर एक पाय एका ठिपक्यावर नीट पडतो, दुसरा दोन ठिपक्यांच्या मध्ये अडकतो, मग तो जाड तरी होतो नाहीतर पुसट. म्हणून फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षरासोबत सूचना लिहाव्या लागतात, या आकाराला हा पाय डावीकडे सरकव, ही आडवी रेघ एक ठिपका वर घे. याला हिंटिंग म्हणतात. ते यंत्रावर सोपवता येते, पण चांगले हवे तर माणसाने बसून अक्षरामागून अक्षर, आकारामागून आकार तपासत जायचे. आमच्या ओळखीच्या एका अक्षरकाराने याला भाताचे खडे निवडण्याची उपमा दिली होती. हे काम पगारी माणसांनी वर्षानुवर्षे शिकून केलेले असते, आणि त्या काळी मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींजवळ नेमके तेच नव्हते. त्यांच्याजवळ कार्यप्रणाली होती, संपादक होते, भाषांतरक होते. डोळ्याला न शिणवणारे अक्षर नव्हते.

मग ते काय वापरत? इथे एक धडा आहे. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून काही फॉन्ट सर्वांना विनामूल्य दिले होते. त्यात कुरिअर न्यू होता, अँडेल मोनो होता, व्हर्डाना, जॉर्जिया होते. उत्तम दर्जाचे. अट अशी की फायली जशा बांधून दिल्या तशाच पुढे द्यायच्या, आत काही बदलायचे नाही. लोकांनी आनंदाने घेतले. ऑगस्ट २००२ मध्ये कंपनीने ते आपल्या संकेतस्थळावरून काढून घेतले. ज्यांनी उतरवून घेतले होते त्यांचे राहिले, पण सगळ्यांच्या ध्यानात आले की पाहुणचार आणि मालकी यांत फरक आहे. यजमानाने ताट उचलले तर पाहुणा भांडू शकत नाही.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, जानेवारी २००३ मध्ये, ग्नोम फाउंडेशन आणि बिटस्ट्रीम यांनी मिळून जाहीर केले की व्हेरा कुटुंबातले दहा फॉन्ट खुले होणार. त्यातले चार समान रुंदीचे, साधा, ठळक, तिरपा आणि ठळक-तिरपा. त्याच वर्षी ते लोकांच्या हाती आले.

परवान्यातल्या अटी आम्ही मूळातून वाचल्या. एक पान आहे, वाचण्यासारखे आहे. वापरा, प्रती काढा, वाटा, बदला. एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरसोबत विकलेत तरी चालेल, नुसता फॉन्ट मात्र विकायचा नाही. आणि बदल केलात तर नाव बदला. बिटस्ट्रीम आणि व्हेरा हे शब्द तुमच्या नव्या नावात येता कामा नयेत.

ही शेवटची अट पहिल्या वाचनात आम्हाला कद्रूपणाची वाटली. सगळे दिले आणि नावाला अडून बसले! आमचे मत नंतर बदलले. ते का, हे सांगण्याआधी कायद्याचा एक तुकडा घेऊ. गौतमाने न्यायसूत्रांत शब्दाच्या अर्थाचा विचार करताना तीन गोष्टी सांगितल्या, व्यक्ती, आकृती आणि जाती. गाय म्हटले की ही समोरची गाय, गायीची घडण, आणि सगळ्या गायींतले गायपण. अक्षराला लावून बघा. कागदावर उमटलेला हा एक ए म्हणजे व्यक्ती. ए-पण कुणाच्या बापाचे नाही. भांडण आहे ते आकृतीवरून, म्हणजे एखाद्या रचनाकाराने ए-ला दिलेल्या विशिष्ट घडणीवरून. अमेरिकेत एल्ट्रा नावाच्या कंपनीने टाइपच्या घडणीवर कॉपीराइट मागितला, तेव्हा १९७८ मध्ये अपील न्यायालयाने तो नाकारला. आकृतीला कॉपीराइट नाही. मग संगणक आले आणि फॉन्ट ही एक आज्ञावली झाली. १९९२ मध्ये तिथल्या कॉपीराइट कचेरीने अशा आज्ञावलीची नोंद घेण्याचे मान्य केले, आणि १९९८ मध्ये अडोबीने लावलेल्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटले की बाह्यरेषेचे बिंदू कुठे ठेवायचे या निवडीत रचनाकाराची निर्मिती आहे. निष्कर्ष मोठा विलक्षण निघतो. छापलेल्या कागदावरून तुम्ही आपल्या हाताने तेच अक्षर गिरवून फॉन्ट केलात तर तिथला कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. फाइल नकलली तर गुन्हा. आमच्या नैयायिकांना हे ऐकवले असते तर त्यांनी यावर सहा महिने वाद घातला असता.

म्हणून बिटस्ट्रीमने दिले ते काय, हे नीट समजून घ्यावे लागते. घडण तशीही बांधून ठेवता येत नव्हती. दिली ती फाइल, म्हणजे बिंदू आणि त्या भाताच्या खड्यांसारख्या निवडलेल्या सूचना, म्हणजे कष्ट. आणि राखले ते नाव. रूप तुमचे, नाम आमचे. याचा व्यवहारातला अर्थ असा की कुणी त्यात बिघाड केला तर बदनामी मूळ घराण्याची होणार नाही. आणि दुसरे, जे आम्हाला उशिरा कळले, एकाच नावाचे दोन फॉन्ट जगात फिरू लागले आणि एकात रुंदी १२३३ व दुसऱ्यात १२४० निघाली, तर तुमचा मजकूर माझ्या यंत्रावर उघडताच सगळे रकाने मोडतील. बदल करणाऱ्याला मोकळीक द्यायची तर मूळ नाव स्थिर हवे.

बिटस्ट्रीमने हे सगळे निव्वळ परोपकारासाठी केले, असे आम्ही म्हणत नाही. कंपनी होती, तिला नाव हवे होते, ते मिळाले. आम्हाला त्यात काही वावगे दिसत नाही. मंदिराच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते म्हणून पायरी कमी टिकत नाही.

पुढे काय झाले ते जास्त मनोरंजक आहे. व्हेरा होता पश्चिम युरोपच्या भाषांपुरता. चेक भाषेत आर-च्या डोक्यावर टोकदार टोपी येते, यू-वर टिकलीएवढे वर्तुळ. अशी अक्षरे त्यात पुरती नव्हती. श्तेपान रोह या चेक माणसाने ती घालायला घेतली आणि अटीप्रमाणे नाव बदलले, डेजाव्हू. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'आधी पाहिलेले'. परवान्याने मूळ नाव घ्यायला बंदी केली, तर यांनी नावातच कबुली दिली की हे तुम्ही पूर्वी पाहिले आहे. हा आमचा अर्थ, बरे का. तिकडे आणखी एक कुटुंब निघाले होते, आरेव्ह. व्हेराची रोमन अक्षरे उलटी वाचली की आरेव्ह होते! मारुतीचे नाव घ्यायचे नाही म्हणून शेपूटवाला म्हणावे, तसला प्रकार. आरेव्हमध्ये ग्रीक, सिरिलिक आणि गणिताची चिन्हे होती, ती डेजाव्हूत मिसळली. कुणी अरबी आणली, कुणी आर्मेनियन, कुणी जॉर्जियन. या मंडळींनी आपापल्या भागावर हक्कही ठेवला नाही, तो सार्वजनिक करून टाकला. आणि समान रुंदीच्या फॉन्टची ती १२३३ रुंदी त्यांनी मोडली नाही. लिनक्सच्या कित्येक वितरणांत डेजाव्हू आपसूक येऊ लागला. २.३७ ही आवृत्ती २०१६ मध्ये निघाली.

२००९ मध्ये अॅपलने आपल्या मॅक संगणकांत आज्ञा लिहिण्यासाठी मेन्लो नावाचा नवा फॉन्ट आणला. तोही व्हेराच्याच घराण्यातला, आणि त्यावर काम करणारे तेच जिम लाइल्स. पण मेन्लो अॅपलचा, तो वाटता येत नाही. परवान्याला त्याचे वावडे नव्हते. काहींना हे खटकते, की सार्वजनिक विहिरीतले पाणी नेऊन कुणी बाटलीत भरले. आमचे म्हणणे, विहिरीचे पाणी कमी झाले का? झाले नाही. २०१५ मध्ये त्याच विहिरीतून हॅक नावाचा आणखी एक फॉन्ट निघाला, आणि तो खुला आहे.

आणि २०१२ मध्ये बिटस्ट्रीमचा फॉन्टचा धंदा मोनोटाइपने विकत घेतला. देणारे घर दुसऱ्या घरात विलीन झाले. दिलेल्या फॉन्टवर याचा परिणाम शून्य. ज्यांच्या यंत्रात तो होता त्यांना बातमी कळलीसुद्धा नसेल.

आता तुम्ही विचाराल, यात देवनागरी कुठे आहे? डेजाव्हूत देवनागरी नाही. इतक्या लिप्या आल्या, आपली नाही आली. आमच्या मते याचे कारण केवळ उपेक्षा नसावे. आपली लिपी चौकटीत बसायला नाखूश आहे. मराठी टाइपरायटरवर बसलेल्यांना हे हाताने ठाऊक आहे. तिथे उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज सरकत नसे. ख, भ, ध यांसारखी अक्षरे अर्धी मारायची आणि मग काना देऊन पुरी करायची. यंत्राची चौकट राखायची म्हणून अक्षराचेच तुकडे केले होते. आमचा प्रबंध असाच चार कार्बन प्रतींत टंकलिखित झाला. टायपिस्टबाई पानावर पैसे घेत आणि 'ज्ञानमीमांसा' हा शब्द आला की नाराज होत.

पडद्यावर प्रश्न अधिक अवघड होतो. 'स्त्री' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये त्याचे सहा संकेत होतात, स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्याला चौकटी किती द्यायच्या? सहा? तीन? एक? टर्मिनल नावाची जी काळी खिडकी असते तिला हे धड ठरवता येत नाही, म्हणून तिथे मराठी उघडलीत तर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असा तमाशा पुष्कळदा दिसतो. आपल्या जुन्या लेखनिकांना विचारले असते तर त्यांनी क्षणात सांगितले असते, एक. पोथी उतरवण्याचे माप ते ग्रंथात मोजत, बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ. त्या हिशेबात 'स्त्री' एक आणि 'न' ही एक, रुंदी काही का असेना. मोजदादीपुरती चौकट आपल्याकडेही होती. फक्त ती मनात होती, कागदावर नव्हती.

एवढे मात्र झाले की समान रुंदीचा हट्ट सोडून, देवनागरीचे खुले फॉन्ट आपल्याकडेही आले. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित दिला. मुंबईच्या एक टाइपने मुक्त दिला. रोज मोबाइलवर मराठी वाचताना तुमच्यातल्या पुष्कळांनी ही अक्षरे नाव न जाणता वाचलेली आहेत. त्याआधी आर. के. जोशी सरांनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल केला, तो विंडोजमध्ये घरोघरी पोचला. यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आज नाही.

आता त्या अकरा फायली. १९९४ ते २००२ या काळात आम्ही वर्गातल्या व्याख्यानांच्या टिपणांच्या अकरा फायली संगणकावर उतरवल्या. न्याय, सांख्य, कान्ट, थोडा विटगेनस्टाइन. त्यासाठी चांगले पैसे मोजून मराठी फॉन्ट घेतला होता. संगणकाच्या मागे एक कुलूप लावावे लागे, ठोकळ्यासारखे, ते असेल तरच फॉन्ट चाले. कंपनीचे नाव सांगत नाही, आता ती नाहीही. त्या फॉन्टची युक्ती अशी होती की फाइलमध्ये खरे तर रोमन अक्षरांचे संकेतच साठत, आणि त्यांच्या जागी चित्रे तेवढी देवनागरीची दाखवली जात. संगणक बदलला, नव्या यंत्राला कुलूप लावायला भोकच नव्हते. कंपनीला पत्र लिहिले, ते परत आले. फाइल उघडली तर आठ वर्षांच्या लेखनाच्या जागी स्वल्पविराम, टक्क्याची चिन्हे आणि उलटेसुलटे रोमन. अक्षर म्हणजे ज्याचा क्षर होत नाही ते, असे वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. तीही टिपणे त्याच फाइलमध्ये होती.

आम्ही पैसे देऊन फॉन्ट घेतला आणि घर बंद झाले तसे आमचे शब्द गेले. लोकांनी व्हेरा फुकट घेतला, घर विकले गेले आणि त्यांचे काही गेले नाही. सहकाऱ्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी एवढेच आहे. कुणाच्या नावावर काय असते आणि ते नसताना काय उरते, हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षे शिकवला. तो असा टेबलावर येऊन बसेल असे वाटले नव्हते.

या उन्हाळ्यात आमची नात मदतीला आली. ती संगणकाचे शिकते. तिने काळी खिडकी उघडली आणि दोन रकाने मांडले, डावीकडे जुना संकेत, उजवीकडे त्याचे युनिकोडमधले क्रमांक. एकाखाली एक, चौकटीच्या वहीसारखे. आम्ही विचारले, "हा फॉन्ट कुठला गं?" ती म्हणाली, "काय माहीत आजोबा, आपोआप असतो." बघितले तर डेजाव्हू सान्स मोनो. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

सुदैवाने काही पानांच्या छापील प्रती उरल्या होत्या. आम्ही त्या वाचून दाखवतो, ती चिन्ह ओळखून रकान्यात भरते. साधी अक्षरे दोन दिवसांत झाली. अडले ते दोन ठिकाणी. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी टाइप होई; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. ती उचलून पलीकडे ठेवावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून. रफाराचे उलटे. तो दिसतो शेवटी, पण साठतो आधी, कारण उच्चारात र आधी येतो. 'तर्क' नीट झाला. 'मूर्ती' झाली. 'कर्तृत्व' मात्र अजून हट्ट करते.

अकरापैकी सात फायली वाचता येऊ लागल्या आहेत. आठवी सांख्याची आहे, तीत 'ईश्वरकृष्ण' दर वेळी वेगळ्याच पद्धतीने मोडतो. छापील प्रत त्या भागाची नाही, त्यामुळे काही वाक्ये आठवून भरावी लागत आहेत. नात रविवारी पुन्हा येणार आहे.

आता प्रश्न असतील तर विचारा. चहा बाहेर ठेवला आहे, पण पाच मिनिटे थांबा.